चावडीतली पाटी आणि शाळेपुढचा स्तंभ: गावचं युद्धस्मारक कसं सांभाळावं

मी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत, गवंडी म्हणून भरती झालो आणि 2003 मध्ये हवालदार होऊन घरी आलो. घर पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढं. आल्यावर पहिल्याच ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "हवालदार, तुम्ही फौजीही आणि गवंडीही. स्मारकाकडं तुम्हीच बघा." तेव्हापासून बघतोय. आता शेजारच्या गावांतून विचारणा होते. पाटी काळी पडली, काय लावू? ओट्याच्या दरजा उघडल्या, कशानं भरू? फोनवर अर्धं सांगून होतं, अर्धं राहतं. म्हणून जे हातानं केलं आणि जे करताना चुकलो, ते लिहून काढतोय.

आमचं स्मारक एका जागी नाही. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं गावोगाव बसवलेल्या पाट्यांपैकी ती एक. तुमच्याही गावात असेल तर मजकूर असाच असणार: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्या पाटीवर 38 आणि 5 हे आकडे आहेत. नाव एकही नाही. शाळेतली मुलं दरवर्षी विचारतात, लढाई 1918 ला संपली मग पाटीवर 1919 कसं? तोफा 11 नोव्हेंबर 1918 ला थांबल्या, पण जर्मनीशी तहावर सह्या झाल्या 28 जून 1919 ला, हे त्यांना सांगायचं. दुसरी वस्तू शाळेपुढचा काळ्या दगडाचा स्तंभ. त्यावर 1965 आणि 1971 मध्ये गेलेल्या आमच्या जवानांची नावं आहेत.

आधी माझी चूक सांगतो, कारण तीच चूक मी अजून गावोगाव होताना बघतो. 2004 च्या 24 जानेवारीला आम्ही साफसफाईला लागलो. पाटी पिवळट, कडांना काळी. कुणीतरी फरशी धुवायचं ॲसिड आणलं. मी ते ओतलं आणि पाटी फेसाळली. सगळ्यांना वाटलं, मळ निघतोय. तो मळ नव्हता, दगड होता. संगमरवर आणि चुनखडी हे एकाच द्रव्याचे, आणि आम्ल पडलं की ते द्रव्य विरघळून जातं. पाणी मारून हात फिरवला तेव्हा गुळगुळीतपणा गेलेला, बोटांना खरखर लागत होती. 1919 मधल्या शेवटच्या 9 ची शेपटी त्या दिवशी बोथट झाली ती झालीच. ती परत आणता येत नाही. त्या खरखरीत अंगावर पुढं शेवाळ आधीपेक्षा जास्त धरू लागलं.

म्हणून संगमरवराजवळ ॲसिड नको, संडास धुवायचं औषध नको, लिंबू नको, चिंच नको. ब्लीचिंग पावडरही नको, तिचे क्षार दगडात राहतात. तारेचा ब्रश, हिरवी घासणी, पॉलिश पेपर, गाड्या धुवायचा प्रेशरचा पाइप, यांतलं काहीही नको. पाटी 'नव्यासारखी' करून देतो म्हणणारा फरशी पॉलिशवाला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मशीन फिरवलं की अक्षरांची खोली तेवढी कमी होते.

मग धुवायचं कसं? खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचे दगड रांगेनं उभे आहेत. मी नोकरीत असताना तिथली माणसं ते दगड धुताना कितीदा तरी पाहिली होती. साधं पाणी आणि मऊ ब्रश. डोळ्यासमोर इतकी वर्षं असून मी ते ध्यानात घेतलं नव्हतं.

दिवस दिवाळीनंतरचा निवडा. भिंतीतली पावसाची ओल तोवर उतरलेली असते आणि ऊनही कडक नसतं. सकाळी, पाटी सावलीत असताना कामाला लागा. पाणी बोअरचं घेऊ नका, त्यातले क्षार वाळून पांढरे डाग पडतात. आम्ही शाळेच्या पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी दोन पिंपांत धरून ठेवतो. ब्रश मऊ केसांचा हवा. मी बोहरी आळीतून आणतो, कपडे झाडायच्या ब्रशासारखा. आधी पाटी सगळी भिजवायची, तीही खालून वर. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळतं आणि त्या रेघा दगड पिऊन टाकतो. शेवाळ आणि दगडफूल असेल तर दहा-पंधरा मिनिटं पाणी मारत राहा, फुगू द्या, मग बांबूच्या कामटीनं हलकेच उचला. कामटी दगडापेक्षा मऊ असते म्हणून ती. स्क्रूड्रायव्हर नाही. मग ब्रश गोल फिरवायचा, जोर मनगटाचाच, खांद्याचा नाही. शेवटी स्वच्छ पाणी वरून खाली सोडायचं आणि सुती फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. साबण मी वापरत नाही.

हे वर्षातून एकदाच. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 26 जुलैचा कारगिल विजय दिवस, 7 डिसेंबरचा ध्वजदिन, या प्रत्येक दिवसाआधी धुवायची गरज नाही. त्या दिवशी कोरड्या मऊ फडक्यानं धूळ झटका, पुरे. धुतलेली पाटी हस्तिदंतासारखी किंचित पिवळसरच दिसेल. शंभर वर्षांच्या दगडाचा तोच रंग असतो.

अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून काही जण खडू घासतात, पीठ चोळतात. तसं करू नका, ते कोपऱ्यात बसतं आणि ओल धरतं. रात्री जा, एक बॅटरी पाटीच्या अगदी कडेला धरा आणि उजेड आडवा पाडा. दिवसा न दिसणारं अक्षर सावलीनं उठून दिसतं. तसाच फोटो काढून ठेवा. तुमच्या पाटीतली अक्षरं शिशानं भरलेली असतील, म्हणजे राखाडी आणि नखाला मऊ लागतील, तर ब्रशही जपून. एखादं अक्षर सुटलं तर पाकिटात घालून, कुठलं ते लिहून ठेवा. बाजारातल्या गोंदानं चिकटवू नका.

आता हळद-कुंकू. याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि आपल्याकडं स्मारकावर सगळ्यात जास्त तेच पडतं.

1971 मध्ये गेलेल्या एका जवानाच्या पत्नी आमच्या गावात आहेत. मी त्यांना वहिनी म्हणतो. सर्वपित्रीला त्या स्तंभापुढं तेलाचा दिवा लावतात, हळद-कुंकू वाहतात, आणि चावडीतल्या पाटीलाही बोट लावतात, कारण त्यांच्या सासऱ्यांचे चुलते त्या 38 जणांत होते. एका वर्षी मी धीर करून म्हणालो, "वहिनी, तेलानं दगड खराब होतो." त्या म्हणाल्या, "भाऊ, देवाला रोज तेल लागतं, तो नाही खराब होत?"

मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. नंतर सांगितलं ते असं: देव काळ्या पाषाणाचा. तो दगड घट्ट, आणि तेल लागून काळाच होतो, म्हणून आपल्याला कळत नाही. संगमरवर तेल आत ओढतो आणि पिवळा डाग बाहेर दाखवतो. त्यांना पटलं. पण वाहायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न उरलाच. मग आम्ही स्तंभाच्या आणि पाटीच्या पुढं जमिनीत एकेक काळा पाटा बसवला, हातभर लांब, वर दिव्याला खळगा. तेल, कुंकू, नारळ, सगळं त्यावर. पाट्याला मी कधीच घासत नाही, तो त्यासाठीच आहे. तुमच्या गावात हे पहिल्यांदा करा. नुसती मनाईची पाटी लावली तर लोक रात्री येऊन वाहतील, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर असेल.

जे डाग आधीच पडलेत त्यांचं काय? हळदीचा पिवळा उन्हानं आपोआप फिका होतो, त्याला हात लावू नका. तेलाला लेप द्यायचा. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मुलतानी माती आणा, ॲसिटोनमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवा, डागावर अर्धा इंच थापा, वर प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढा, माती पूर्ण वाळून तडकू द्या. वाळताना ती तेल वर ओढते. मग कामटीनं उचला आणि पाण्यानं धुवा. दोन-तीनदा करावं लागेल. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा जवळ बिडी, उदबत्ती, दिवा काही नको. आधी कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर करून बघा. झेंडूचे हार थेट पाटीवर टाकू नका, ओल्या फुलांचा रंग उतरतो आणि हारातली लोखंडी तार गंजून तांबडी रेघ सोडते. पुष्पचक्राला लाकडी घोडा करून घ्या.

स्तंभाची गोष्ट वेगळी. काळा दगड ॲसिडला तितका भीत नाही. त्याचे शत्रू दोन: सिमेंट आणि ऑइलपेंट.

स्तंभाखालचा आमचा ओटा चुन्यात बांधलेला. मी यायच्या आधी कधीतरी त्याच्या दरजा सिमेंटनं भरल्या होत्या. दिसायला नीटनेटकं, पण आतली ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडत असते, ती वाट बंद झाली. मग ओल दगडातूनच बाहेर येऊ लागली. दगडाच्या कडांना लोणा फुटला आणि पापुद्रे सुटायला लागले. दरज दगडापेक्षा नरम असली पाहिजे. झिजायचं असेल तर दरजेनं झिजावं, ती पुन्हा भरता येते.

सिमेंट काढताना ग्राइंडर लावू नका. जे खिळखिळं झालंय तेच बारीक छिन्नीनं, हाताच्या हातोडीनं काढा. जे घट्ट बसलंय ते राहू द्या, काढायला गेलात तर दगडाची कड सोबत येईल. दरज रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करा, फुंकून साफ करा, पाणी मारा.

चुना असा. कळीचा चुना आणा आणि पिंपातल्या पाण्यात थोडाथोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना सोडायचा, नाहीतर उकळी फुटून अंगावर येते. डोळ्यांना चष्मा हवाच, मुलं लांब हवीत. विरलेला चुना पाण्याखाली निदान महिनाभर ठेवा, लोण्यासारखा होतो. मग एक भाग चुना, एक भाग सुरकी, दोन भाग चाळलेली वाळू. सुरकी म्हणजे नीट भाजलेल्या विटांची भुकटी. कमी पाण्यात, हाताला गोळा होईल इतकंच कालवा आणि खूप कुटा. आमच्या जुन्या पाथरवटांनी गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायला सांगितलं होतं, मी गुळाचं घातलं. दरजेत दाबून भरा, दगडाच्या तोंडापासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत ठेवा, आणि वर पंधरा दिवस ओलं गोणपाट. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. शाळेची पोरं मधल्या सुट्टीत तांब्यानं पाणी मारत होती, म्हणून आमचं काम टिकलं. हे कार्तिकात करा. वैशाखात चुना बांधण्याआधीच वाळतो आणि हातात पिठासारखा येतो.

ओट्याभोवतीही लक्ष ठेवा. एकदा शाळेच्या पटांगणात पेव्हिंग ब्लॉक टाकताना ठेकेदारानं ते ओट्याला भिडवले आणि फट सिमेंटनं बंद केली. पुढच्याच पावसाळ्यात ओल टाचेपासून गुडघ्यापर्यंत चढली. आम्ही चारी बाजूंनी हातभर पट्टा उकरला, त्यात खडी भरली आणि ढाळ गटाराकडं काढला. ओल उतरायला दोन उन्हाळे गेले.

रंगाचं म्हणाल तर स्तंभावर सात थर होते. मी मोजले. पांढरा, निळा, पुन्हा पांढरा, खाली भगवा-पांढरा-हिरवा पट्टा. प्रत्येक थर कुणीतरी प्रेमानंच दिलेला. पण सातव्या थराखाली 1965 च्या जवानाच्या आडनावातला 'ळ' बुजून 'ठ' वाचला जात होता आणि त्याच्या नातवाला तो चुकीचा शिकवला जात होता. पेंट रिमूव्हरची जेल थोड्या थोड्या जागेवर लावून, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून आम्ही दोन हिवाळ्यांत तो दगड मोकळा केला. आता फक्त अक्षरांच्या खाचेत रंग भरतो, तोही उडाल्यावर. साइनबोर्ड रंगवणाऱ्याचा बारीक ब्रश, आणि बाहेर सांडलं की लगेच पुसायचं.

पिंपळाचं रोप दरजेत आलं तर जुनी माणसं कापू देत नाहीत. भांडू नका. आषाढात भिंत भिजलेली असते तेव्हा दोन पानांचं रोप मुळासकट अलगद निघतं. आम्ही ती काढून ओढ्याकाठी लावतो. करंगळीएवढं जाड झालं की मात्र ओढू नका, दगड घेऊन येईल. बुंध्याशी कापा आणि ताज्या कापावर लगेच ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशानं लावा, मूळ आतच मरू द्या. वाळल्यावर पोकळी चुन्यानं भरा.

चावडी पाडायची वेळ येईल. आमच्याकडं आली. नव्या ग्रामपंचायतीच्या इमारतीसाठी जेसीबी उभा होता आणि पाटी भिंतीतच होती. मी म्हटलं, पाटी निघेपर्यंत यंत्र सुरू होणार नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी ग्रामसभेचा ठराव करून घ्या, पाटी कुणाच्या ताब्यात आणि नव्या इमारतीत कुठं, हे लिहून. 1972 च्या पुरावशेषांच्या कायद्यात शंभर वर्षांवरचा कोरीव लेख पुरावशेष ठरतो, आणि या पाट्या आता त्या वयाच्या झाल्यात, हे ठेकेदाराला सांगता येतं. काढताना बाजूचा चुना हातानं मोकळा करा. आमच्या पाटीच्या मागं लोखंडी कांबी होत्या, त्या गंजून फुगल्या होत्या आणि खालचा डावा कोपरा त्यांनीच फोडला होता. सुटलेली पाटी कधी आडवी उचलू नका, स्वतःच्या वजनानं मधून मोडते. काचेसारखी उभी धरा, कडेवर, खाली कडबा किंवा जुनी गादी, भिंतीला किंचित टेकून. पुन्हा बसवताना स्टेनलेस स्टीलचे हुक आणि चुना. लोखंड नाही, मागं सिमेंटचा थापाही नाही, म्हणजे पुढच्या माणसाला ती पुन्हा काढता येईल.

एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, काय केलं, कशानं केलं, कुणी केलं. दरवर्षी त्याच जागी उभं राहून, त्याच महिन्यात एक फोटो. दहा वर्षांनी भेग वाढली की तेवढीच आहे, हे वहीशिवाय कुणी सांगू शकत नाही.

आणि नावं. निगा म्हणजे दगडाचीच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एकदा सहावीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, ते पाच कोण?" मला माहीत नव्हतं.

महायुद्धात गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतं. सैनिकाचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. जिल्हा 'पूना' असा जुन्या स्पेलिंगनं शोधा. गावाचं नाव त्या काळच्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, तेव्हा ते इंग्रजीत सहा-सात तऱ्हांनी लिहून बघा. तालुकेही जुने धरा, बारामतीकडच्यांनी भीमथडी शोधावा. आम्हाला चार सापडले. दोघे मराठा पलटणींतले, 1916 मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मरण पावलेले. सहावी पुणे डिव्हिजन तिकडं होती. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत अडकल्या होत्या. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं त्यावर कोरली नव्हती, पलटणीखाली त्यांचा फक्त आकडा होता. म्हणजे आमच्या चावडीतही आकडा आणि तिकडंही आकडा.

पाचवा अजून सापडला नाही.

नावं जुन्या पाटीवर कोरू नका. ती जशी आहे तशी राहू द्या, नवा दगड घ्या. क्रम मृत्यूच्या तारखेनं ठेवा. हुद्द्यानं नको, भावकीनं नको, वर्गणी कुणी किती दिली यानं तर नकोच. अलीकडच्या जवानाचं नाव घरच्या तोंडी नावावर कोरू नका. पेन्शनच्या कागदावरून घ्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ताडून बघा, आणि कोरण्याआधी खडूनं लिहून घरच्यांना दाखवा. आम्ही 2019 मध्ये हा दगड केला. चार सापडलेली नावं आणि काश्मीरमध्ये प्राण दिलेल्या आमच्या गावच्या एका मुलाचं. वरच्या भागात एक ओळ कोरी ठेवली, पाचव्यासाठी.

पाथरवट आखणी करत होता. त्यानं विचारलं, "खाली आणखी किती ओळींची जागा सोडू? पुढं लागेल." सरपंच म्हणाले, सोडा दहा-बारा. वहिनी ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकाही ओळीची सोडू नका."

पाथरवटानं माझ्याकडं बघितलं. मी सुतळी शेवटच्या नावाखाली चार बोटांवर धरली आणि दगड तिथंच कापून घेतला.